नदीकांठचें नगर कसें पाहावें?



भूगोलाच्या तासास आम्हीं एकदां वर्गांत एक मोठें चित्र टांगलें होतें. तें युरोपांतील प्राग नगराचें चित्र. व्हल्टाव्हा नदीवरील जुना दगडी पूल, पुलाच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले पाषाणाचे पुतळे, पलीकडे टेकडीवरील राजवाडा आणि खालीं संथ वाहणारें पाणी, असा तो देखावा होता. वर्ग तल्लीन होऊन पाहत असतां मागच्या बांकावरून एक उसासा ऐकूं आला आणि पाठोपाठ शब्द आले, "सर, असलें शहर आपल्या नशिबीं कोठलें!"

हा उद्गार काढणारा मुलगा सांगलीचा होता. साताऱ्यास वसतिगृहांत राहून शिकत होता. ज्याच्या गांवास कृष्णेसारखी नदी आहे त्यानेंच असा उसासा टाकावा, याचें आम्हांस नवल वाटलें आणि थोडें वाईटही वाटलें. दोष त्याचा नव्हता, आमचाच होता. दूरचें नगर कसें पाहावें हें आम्ही चित्रें टांगून शिकवितों. परंतु जवळचें नगर कसें पाहावें हें शिकवावयाचें राहूनच जातें. तें उणें भरून काढावें म्हणून पुढें हिंवाळ्यांत आम्हीं कांहीं विद्यार्थी बरोबर घेऊन वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठानें प्रवास केला. हा पाठ त्या प्रवासाचा आहे.

चार प्रश्न

नदीकांठच्या कोणत्याही जुन्या नगरांत गेल्यावर चार प्रश्न विचारावेत, असें आम्हीं निघतांना मुलांस सांगितलें. पहिला प्रश्न असा कीं, नदी ओलांडण्याची सोय लोकांनीं कशी केली? दुसरा, नदीपाशीं उतरण्याची सोय कशी केली? तिसरा, नदीच्या आश्रयानें राहून त्यांनीं कोणती विद्या व कोणती कला जोपासली? आणि चौथा, नदी कोपली तेव्हां ते काय शिकले? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रवासी आनंदानें शोधतात. चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. पण नगराचें शहाणपण त्यांतच कळून येतें.

प्रागचेंच उदाहरण घ्या. तेथील पहिला दगडी पूल इ. स. १३४२ च्या पुरानें मोडला. त्यानंतर चौथ्या चार्ल्स राजानें १३५७ सालीं नव्या पुलाचा पाया घातला. चित्रांत दिसतो तो हाच पूल. त्याच राजानें १३४८ सालीं तेथें विद्यापीठ स्थापिलें होतें. पुढें १७८७ सालीं याच नगरांतील नाट्यगृहांत मोझार्टची 'डॉन जोव्हानी' ही संगीतिका प्रथम रंगभूमीवर आली. आणि ऑगस्ट २००२ मध्यें तेथें असा पूर आला कीं जमिनीखालून धांवणाऱ्या आगगाडीच्या बोगद्यांतही पाणी शिरलें. पूल, विद्या, नाटक आणि पूर, हीं चारही एकाच नदीचीं देणीं होत. आतां हेच प्रश्न आपण कृष्णामाईस विचारूं.

वाई

क्षेत्र महाबळेश्वरीं उगम पावून कृष्णा डोंगर उतरते आणि वाईस येते. तेथें तिच्या तीरावर सात घाट आहेत. घाट म्हणजे केवळ पायऱ्या नव्हेत. उन्हाळ्यांत पाणी खालीं जातें, पावसाळ्यांत वर येतें. पण पायरी कोठें ना कोठें पाण्यास टेकलेली असतेच. नदीनें कितीही चढउतार केले तरी माणसाची व तिची भेट चुकूं नये, अशी ही योजना आहे. घाटावर कोणी स्नान करतो, कोणी धुणें धुतो, कोणी नुसताच बसतो. एकच जागा देवाची, घरकामाची व विसाव्याची असते.

वाईचा ढोल्या गणपति सर्वांस ठाऊक आहे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें देऊळ अठराव्या शतकांत बांधविलें. मुलें पुढून आंत गेलीं, मूर्तीचा भव्य आकार पाहून थक्क झालीं आणि परतूं लागलीं. आम्हीं त्यांस थांबवून देवळाच्या मागच्या अंगास नेलें. तेथील भिंत सपाट नाहीं. माशाच्या अंगासारखी ती निमुळती होत जाऊन तिला मधोमध धार आली आहे. देऊळ अगदीं नदीच्या कांठीं असल्यानें पुराचा लोंढा त्यावर आदळणार, हें बांधणारास ठाऊक होतें. लोंढ्यासमोर सपाट भिंत उभी केली तर सारा भार तिच्यावर पडतो. धार दिली तर पाणी दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जातें. नावेच्या नाळेचें तत्त्वही हेंच आहे.

"म्हणजे सर, त्यांनीं पूर येणारच असें धरून बांधलें," एक मुलगी म्हणाली. तिनें आमचा चौथा प्रश्न वाईंतच सोडविला.

वाईजवळच मेणवली गांव आहे. तेथें नाना फडणिसांचा वाडा व चंद्रकोरीच्या आकाराचा सुंदर घाट आहे. घाटावर एका लहानशा दगडी मंडपांत मोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर मरियेची व बाळ येशूची आकृति आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून वसई जिंकली, त्या मोहिमेंत ही घंटा मराठ्यांच्या हातीं आली. एके काळीं समुद्रकांठच्या ख्रिस्तमंदिरांत उपासकांस बोलाविणारी घंटा आज कृष्णाकांठच्या शिवालयापाशीं आहे. ती युद्धांतून आली, हें विसरूं नये. पण ती वितळवून कोणी तिच्या तोफा ओतल्या नाहींत, तिजवरील आकृति कोणी घासून टाकली नाहीं, हेंही विसरूं नये. आमच्यांतील ख्रिस्ती व हिंदु मुलें तिच्याभोंवतीं उभीं राहून सारख्याच कौतुकानें ती पाहत होतीं.

विद्येचें म्हणाल तर वाई हें फार पूर्वींपासून शास्त्री-पंडितांचें गांव. १९१६ सालीं नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें केवलानंद सरस्वती या नांवानें प्रसिद्ध झालेले विद्वान्, यांनीं येथें प्राज्ञपाठशाळा चालू केली. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें कार्य याच गांवीं उभें राहिलें आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. जगांतील सर्व विद्यांचा मराठींत संग्रह करण्याचें काम मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत न होतां कृष्णेच्या कांठच्या लहान गांवीं झालें, ही गोष्ट मुलांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावी.

माहुली व कऱ्हाड

साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा कृष्णेस मिळते. या संगमावर जुनीं दगडी देवळें आहेत आणि १७४९ सालीं निवर्तलेल्या थोरल्या शाहूमहाराजांची समाधि आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं खून झाला, तेव्हां सत्ता हातीं असलेल्या राघोबादादांस दोषी ठरविण्यास हा माणूस कचरला नाहीं. पूल व घाट दगडाचे असतात, पण नगराची खरी बळकटी अशा माणसांच्या मनाची असते.

पुढें कऱ्हाडास कोयना येऊन मिळते. दोन्ही नद्या समोरासमोरून येऊन भेटतात व मग एकत्र वळून पूर्वेकडे जातात, म्हणून त्या स्थळास प्रीतिसंगम म्हणतात. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधि येथेंच आहे. आम्हीं मुलांस वहींत नकाशा काढावयास सांगितला व त्यांत प्रत्येक संगमावर एक ठिपका देवविला. हे ठिपके पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहेत.

सांगली

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनीं सांगली ही आपली राजधानी केली. कृष्णाकांठचें गणपतीचें देऊळ हें त्यांचेंच कार्य. परंतु सांगलीचें नांव ज्यामुळें महाराष्ट्रभर झालें तें त्यांचें दुसरें कार्य होय. कर्नाटकांतून आलेल्या एका नाटकमंडळीचे खेळ पाहून, असे खेळ आपल्या भाषेंत, अधिक चांगल्या रीतीनें व्हावेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. हें काम त्यांनीं आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणावर सोंपविलें. तेच विष्णुदास भावे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं त्यांचें 'सीतास्वयंवर' सांगलीस झालें. सूत्रधार पदें म्हणे आणि पात्रें प्रसंगास साजेल असें भाषण स्वतःच करीत. तेव्हांपासून मराठी रंगभूमि चालूं लागली. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळला जातो. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच.

भावेनाट्यमंदिरापुढें उभे असतां आम्हीं त्या उसासा टाकणाऱ्या मुलास विचारलें, "प्रागला मोझार्ट होता, सांगलीस कोण होतें?" तो हंसून म्हणाला, "सर, आतां लाजवूं नका."

इर्विन पूल

सांगलीस कृष्णेवर जो जुना पूल आहे त्याचें नांव इर्विन पूल. १९२९ सालीं तो वाहतुकीस खुला झाला व त्या वेळच्या व्हाइसरॉयाचें नांव त्यास मिळालें. बाहेरचा माणूस या पुलाकडे पलीकडे जाण्याचें साधन म्हणून पाहतो. सांगलीचा माणूस पावसाळ्यांत त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. नदीची उंची येथें फुटांत मोजतात. चाळीस फूट झाले म्हणजे इशारा, पंचेचाळीस झाले म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टांत घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो, "पाणी किती फुटांवर आहे?" प्रागच्या जुन्या पुलापाशींही असाच एक दगडी चेहरा कोरलेला आहे; त्यास तेथील लोक दाढीवाला म्हणतात. पाणी दाढीवाल्यापर्यंत चढलें कीं आतां सांवध झालें पाहिजे, हें पूर्वीं तेथील नागरिकांस कळत असे. नदी निराळी, भाषा निराळी, पण काळजी एकच.

ही काळजी खोटी नाहीं. २००५ सालीं येथें मोठा पूर आला. ऑगस्ट २०१९ मध्यें त्याहून मोठा आला. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलें, अर्धें शहर पाण्यांत बुडालें. पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून सुटूं पाहणाऱ्या लोकांची नाव उलटली आणि त्यांत कित्येक जीव गेले. जुलै २०२१ मध्यें पुन्हां पूर आला.

हरिपूरचीं पेवेंही याच पाण्यानें घेतलीं. सांगलीची हळद देशोदेशीं जाते, हें तुम्हांस ठाऊक आहे. ती सांठविण्याकरितां हरिपूरच्या घट्ट मातींत खोल पेवें खणीत. तोंड बंद केलें म्हणजे हळद त्यांत वर्षानुवर्षें कीड न लागतां राहत असे. २००५ च्या पुराचें पाणी या पेवांत शिरलें, हळद नासली आणि पुष्कळ पेवें कायमचीं निकामी झालीं. पिढ्यान् पिढ्यांचें एक कसब त्याबरोबर ओसरलें.

दाराची चौकट

त्या मुलानें आम्हां सर्वांस आपल्या घरीं नेलें. घर नदीपासून फार दूर नव्हतें. त्याच्या आईनें चहा केला. ती माउली दाराच्या चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, हा दरवर्षीं वाढदिवसाला इथें उभा राहायचा आणि आम्ही याच्या उंचीची रेघ ओढायचों. त्या ह्या खालच्या रेघा. वरच्या दोन रेघा ह्याच्या नव्हेत, त्या पाण्याच्या."

आम्हीं पाहिलें. खालीं पेन्सिलीच्या लहान लहान रेघा होत्या. त्यांच्या पुष्कळ वर खिळ्यानें कोरलेल्या दोन रेघा होत्या व त्यांपाशीं २०१९ आणि २०२१ हे आंकडे होते. २०१९ ची रेघ आमच्या डोक्याच्याही वर होती. त्या सालीं तो मुलगा केवढा होता, हें खालच्या रेघेवरून दिसत होतें. मुलें एकाएकीं गप्प झालीं. चित्र पाहून त्यानें उसासा कां टाकला होता, हें आम्हांस त्या क्षणीं कळलें. त्याला पूल व पुतळे हवे होते असें नव्हे. ज्या नदीकडे न भितां पाहतां येईल अशी नदी त्याला हवी होती.

पूर कां येतो?

येथें वहींतला नकाशा काढावा. महाबळेश्वरीं वर्षास सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगलीस त्याचा सातवा-आठवा हिस्साच. म्हणून सांगलीचा पूर सांगलीच्या पावसानें येत नाहीं. वेण्णा, कोयना, वारणा यांचें पाणी एकेका ठिपक्यावर कृष्णेंत भर घालीत येतें. वारणा तर सांगलीला लागूनच, हरिपुरास मिळते. पुढें नृसिंहवाडीस पंचगंगा फुगून आली असेल तर कृष्णेच्या पाण्यास पुढें वाट मिळत नाहीं व तें मागें तुंबतें. डोंगरांत उतार तीव्र असतो, म्हणून पाणी धांवत येतें. सांगलीपाशीं जमीन सपाट, म्हणून तें रेंगाळतें. त्यांत धरणें भरून आलेलीं असलीं म्हणजे त्यांचें पाणीही सोडावें लागतें.

हें सर्व निसर्गाचें झालें. माणसाचा भाग निराळा आहे. नदीस पावसाळ्यांत पसरावयास जागा लागते. पाटबंधारे खात्याच्या नकाशांत निळी व लाल अशा दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर कोठवर पोंचेल तें निळी सांगते आणि शंभर वर्षांतून एकदां येणारा कोठवर पोंचेल तें लाल सांगते. या रेषांच्या आंत आपण ओढे बुजवून, भराव घालून घरें व दुकानें बांधलीं, तर नदी आपल्या घरांत शिरली असें म्हणण्याचा आपणांस अधिकार उरत नाहीं. आपणच तिच्या घरांत शिरलेले असतों. गरिबास दुसरीकडे जागा परवडत नाहीं म्हणून तो तेथें राहतो. त्याचा दोष अल्प आहे. तेथें प्लॉट पाडून विकणाराचा दोष मोठा आहे.

खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दाखला तुम्हीं उपासनेच्या वेळीं ऐकला आहे. पाऊस दोघांवर सारखाच पडला, पूर दोघांस सारखाच आला. फरक होता तो बांधण्यापूर्वीं केलेल्या विचाराचा. वाईच्या देवळाची मागली भिंत हेंच सांगते.

प्रागनें २००२ च्या पुरानंतर काय केलें तें पाहा. नदीकांठीं गरज पडेल तेव्हां उभ्या करतां येतील अशा धातूच्या भिंतींची योजना त्यांनीं पुरी केली. २०१३ सालीं पुन्हां पूर आला, तेव्हां जुनें नगर बहुतांशीं बचावलें. सांगलीस नेमकें हेंच करावें असें आमचें म्हणणें नाहीं. दोन नद्यांचे स्वभाव निराळे असतात. परंतु पूर ओसरल्यावर तो विसरावयाचा नाहीं, एवढें तरी आपण त्यांजपासून शिकावें.

घरचा अभ्यास

विद्यार्थ्यांनीं सुटींत पुढील गोष्टी कराव्यात. आपल्या गांवच्या नदीचा अगर ओढ्याचा उगम व संगम नकाशांत दाखवावा. गांवांतील वृद्धांस विचारून, त्यांच्या आठवणींतील सर्वांत मोठा पूर कोणत्या सालीं आला व कोणत्या पायरीपर्यंत पोंचला, तें लिहून आणावें. गांवांतील एक जुनी इमारत निवडून तिची मागची बाजू पाहावी. पुढची सर्वजण पाहतात. आणि नदीकांठीं कोणता कवि, नाटककार, शास्त्री किंवा कारागीर होऊन गेला, याचा शोध घ्यावा.

पालकांस आमची एकच विनंति आहे. पुराची रेघ रंगाच्या हातानें पुसून टाकूं नका. ती मुलांस दिसूं द्या. घर घेतांना, जमीन विकतांना, मत देतांना ती तुम्हांसही दिसूं द्या.

सांगलीहून निघण्यापूर्वीं आम्ही सायंकाळीं सर्वजण इर्विन पुलावर गेलों. पाणी फार खालीं, शांत होतें; पश्चिमेचा तांबडा प्रकाश त्यावर पसरला होता आणि घाटाकडून घंटेचा नाद येत होता. तो मुलगा कठड्यावर हात टेकून पाहत होता. बऱ्याच वेळानें त्यानें विचारलें, "सर, प्रागच्या मुलांच्या घरीं पण अशा रेघा असतील का?"

"असतील," आम्ही म्हणालों. "तेथें रस्त्यांतल्या भिंतींवरही पुराच्या खुणा जपून ठेवल्या आहेत."

तो पुन्हां पाण्याकडे वळला. "मग त्यांना आपल्या गांवाचें चित्र पाठवूं या," तो म्हणाला, "पुलाचं आणि चौकटीचं, दोन्हींचं."

तें चित्र त्यानें काढावयास घेतलें आहे.